बंदी लागली की पोरगा घरी

माझा पोरगा रेसचा जॉकी आहे. पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईला घोडे पळतात, त्यांच्यावर बसतो. इथं सुरतला, लिंबायतमध्ये हे कोणाला सांगितलं तर आधी हसतात. इथं घोडा म्हणजे वरातीतला. तो लागला बी तिथूनच म्हणा. आमच्या गल्लीच्या टोकाला एकजण वरातीची घोडी ठेवायचा, पोरगा शाळेतून सरळ तिथं. अंगानं बारीक, उंची वाढेना. आमचे मालक म्हणायचे, हा कापडाच्या लूमच्या मागं उभा राहिला तर शेठला दिसायचा नाही, पगार कोणाला देईल? घोडीवाल्याचा पाव्हणा पुण्याला तबेल्यात होता, तो घेऊन गेला. बारीक अंग तिथं कामाला आलं.

मालक गेले. जन्मभर लूम खात्यात राहिले, छातीत रुई बसली होती. पोरगी शिरपूरकडे दिली, तिला तिचं पुरे आहे. मी साड्यांचे धागे कापते. शेठचा माणूस गठ्ठा टाकून जातो, मी उंबऱ्यात बसून कात्री चालवते. आजूबाजूला लूमची खटखट एवढी की कोणी हाक मारली तरी ऐकू येणार नाही. हाक मारणारं तसं कोणी नाही.

रेस असते ती लोकांच्या सुट्टीच्या दिवशी. सण आला की रेस मोठी. म्हणून तो दिवाळीला नाही, आखाजीला नाही. दुसऱ्यांची पोरं सुट्टी लागली की घरी येतात, माझा शिक्षा लागली की यायचा.

ही शिक्षा काय ते मला त्यानंच समजावलं होतं. घोडा सरळ न्यायचा असतो. पुढं जायच्या घाईत दुसऱ्याच्या रस्त्यात घातला, मागच्याला लगाम खेचावा लागला, धक्का लागला, तर रेस संपल्यावर पंच बोलावतात. सिनेमासारखी तीच रेस पुन्हा लावतात, बाजूनं एकदा, समोरून एकदा, आणि विचारतात, इथं काय केलं तू? आपलं काय ते सांगायचं. त्यांना पटलं नाही तर बंदी. जेवढे दिवस सांगितले तेवढ्या दिवसांच्या रेसमध्ये घोड्यावर बसायचं नाही.

पहिल्यांदा बंदी लागून आला तेव्हा मी घाबरली. मला वाटलं काम सुटलं. मग समजलं की नाही, थोडे दिवस आहे, पुन्हा घेतात. मग मला बरं वाटलं. त्याच्या पोटावर पाय आला होता आणि मला बरं वाटत होतं, कारण घरात दोन ताटं लागली होती.

ताट लागायचं, पण खायचा नाही. जॉकीचं वजन वाढून चालत नाही. पिशवीत कपडे कमी आणि वजनकाटा आधी. सकाळी अंगात प्लास्टिकचा कोट, त्याच्यावर स्वेटर, असा मिठी खाडीच्या काठानं पळायचा. सुरतच्या उकाड्यात! बाया मला विचारायच्या, तुमच्या पोराला हिवताप आहे का? घरी येऊन काट्यावर उभा राहायचा, मग अर्धी भाकर. मी कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत, शेवभाजी सगळं करून ठेवायची आणि तो वास घ्यायचा. "माय, वासानं पोट भरलं," म्हणायचा. भरत नसतं वासानं. ते राहिलेलं मीच खायची.

ज्या श्रावणाचं सांगते आहे, त्या श्रावणात तो कानबाईच्या सणाआधी आला. आला तसा भिंतीला टेकून बसला. पिशवी उघडली नाही.

"बंदी?" मी विचारलं.

"बंदी."

"किती दिवसांची?"

"पुण्याची रेस संपेपर्यंत. सगळी."

असं आधी कधी झालं नव्हतं. मग हळूहळू बोलला. शेवटच्या वळणावर हा बाहेर होता, आत कठड्याजवळ जागा दिसली, तिकडे गेला. तिथं दुसरा घोडा येत होता. त्याचे पाय याच्या घोड्याच्या मागच्या पायांत अडकले, घोडा पडला, वरचा पोरगा फेकला गेला. खुबा मोडला त्याचा. घोडा उठला, तो उठला नाही.

तो कोण ते मला माहीत होतं. राजस्थानकडचा, आईबाप नसलेला. शिकत होते तेव्हा दोघं एका खोलीत राहायचे. एकदा माझ्या हातची मिरची भाकर खाऊन गेला होता, नाकाडोळ्यातून पाणी काढत हसला होता.

"बघून आला त्याला?"

"वकील म्हणतो अपील होईपर्यंत जाऊ नको."

अपील म्हणजे मोठ्या लोकांसमोर पुन्हा सांगायचं की माझी चूक नव्हती. कानबाई झाल्यावर मंगळवारी पुण्याला बोलावलं होतं. जिंकला तर बंदी उठणार आणि मोठ्या रेसमध्ये त्याच्या ट्रेनरचा चांगला घोडा त्यालाच मिळणार. हरला तर घोडा दुसऱ्याला. "या वयात एकदा घोडा हातचा गेला की पुन्हा कोणी बोलवत नाही माय," म्हणाला. केस पांढरे व्हायला लागले होते त्याचे. टोपीखाली दिसत नसतील, मला दिसत होते.

शनिवारी दुपारी लाइट गेली. लूम थांबले, गल्ली बाहेर आली. शेजारी रिक्षावाला राहतो, धुळ्याकडचा, तोंडाळ माणूस. तो चहाचा कप घेऊन आमच्या ओट्यावर आला.

"काय जॉकीशेठ, तुमची पण मेमो फाटली म्हणे? आमची तर पोलीस रोज फाडतात. कट मारला की फाटली."

"आमची मोठी फाटली," पोरगा म्हणाला.

"चहापाणी चालत नाही का तिथं?"

"नाही."

"मग कसला खेळ!"

पोरगा खूप दिवसांनी हसला. मग मोबाइल काढून त्यानं ती रेस दाखवली. अजून चार जण जमले. मोबाइल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. कोणी म्हणे घोडा आपोआप वाकला, कोणी म्हणे त्या मागच्यानं ब्रेक का नाही मारला.

"घोड्याला ब्रेक असतो का रे येड्या?"

"मग लगाम काय शोभेला?"

रिक्षावाल्यानं निकाल दिला, "तुमची साइड होती. साइड असेल तर घुसायचंच. नाहीतर उधना दरवाज्याच्या सिग्नलला संध्याकाळपर्यंत उभं राहावं लागेल."

सगळे हसले. पोरानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "माय, तू पण पाहा. सांग, माझी चूक आहे का?"

मी त्याच्या रेस मोबाइलवर पाहायची तेव्हा कपड्याच्या रंगावरून त्याला शोधायची. घोडे मला सगळे सारखे. या वेळी समोरून काढलेली होती. घोडे माझ्याच अंगावर येत होते. निळ्या कपड्यातला माझा. मी त्याच्याकडेच पाहत होती, दुसरीकडं कुठं पाहणार? आत वळायच्या आधी त्याचा उजवा खांदा थोडा खाली पडला आणि डोकं बगलेकडं गेलं. लगेच वर आलं. लहानपणी डब्यातला गूळ काढताना तो असंच बगलेखालून पाहायचा, मी चुलीपाशी आहे का म्हणून.

"पुन्हा लाव," मी म्हटलं.

त्यानं लावलं. तसंच होतं.

"तू मागं पाहिलं," मी म्हटलं. "मग आत गेला. तो तिथं होता."

रिक्षावाला बोलला, "मावशी, तुम्ही कोणाच्या बाजूनं?" पण कोणी हसलं नाही. त्यानं कप उचलला, बाकीचे बी निघाले.

पोरगा म्हणाला, "पंचांनी हेच विचारलं. मी सांगितलं नाही पाहिलं. फिल्ममध्ये पक्कं दिसत नाही. वकील म्हणतो पक्कं दिसत नसलं की आपण सुटू शकतो."

"मग मला कशाला विचारलं?"

"तुले काय समजस घोड्यांमधलं!"

"घोड्याकडं मी पाहिलंच नाही."

तो उठला. चप्पल घालता घालता म्हणाला, "तुला मी घरात पाहिजे. बंदी राहिली की तुझं बरं. दोन ताटं लागतात."

हे त्याला कधी कळलं, मला माहीत नाही. मी तर तोंडातून काढलं नव्हतं. आणि ते खोटं बी नव्हतं. तो आल्यापासून मी मनात किती काय काय ठरवलं होतं. पोळा, मग गणपती, मग नवरात्र, एवढे दिवस घरात माणूस. अपील हरू दे असं मी देवाला म्हटलं नव्हतं. जिंकू दे असं पण म्हटलं नव्हतं.

"पाहिजे तर आहेच," मी म्हटलं. "पण तू पाहिलं होतं."

तो खाडीकडं निघून गेला. स्वेटर न घालता गेला, म्हणजे पळायला नाही.

रविवारी कानबाई बसली. आम्हा खान्देशी लोकांची ही देवी. त्या दिवशी घरात जितकी माणसं, तितक्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू काढून दळतात. त्याचा रोट करायचा, पुरणाच्या पोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी. हे अन्न फक्त घरच्यांनी खायचं. शेजाऱ्याला देत नाहीत, टाकत नाहीत. उरलं तर दुसऱ्या दिवशी आपणच खायचं. एरवी तो पुण्याला घोड्यावर असायचा आणि त्याच्या नावाचा वाटा मी खायची, सोमवारी, मंगळवारी. त्याच्या नावाचे गहू काढायचे मी कधी सोडले नाहीत. न काढले तर तो घरातला नाही असं होईल.

त्या दिवशी आम्ही समोरासमोर बसलो. कालपासून बोलणं नव्हतं. मी त्याच्या ताटात अर्धी पोळी वाढली, नेहमीसारखी. मंगळवारी अपील, मग रेस, वजन सांभाळायचं होतं. त्यानं अर्धी खाल्ली आणि ताट पुढं केलं. मी उरलेली अर्धी वाढली. ती खाल्ली, पुन्हा ताट पुढं केलं. मी तूप घातलं तरी नको म्हणाला नाही. दुसरी, तिसरी, चौथी. लहान होता तेव्हा खायचा तसं, मान खाली घालून, खिरीत बुडवून. मी पोळ्या वाढत गेली, बोलली नाही. मला वाटलं बोलली तर थांबेल.

पाणी पिऊन म्हणाला, "अपील मागं घेतो."

मी ताटं गोळा करत होती. मला आधी काय आठवलं ते सांगते. मला आठवलं की डब्यात नाचणी संपत आली आहे, आणली पाहिजे, आता घरात दोघं.

तेवढ्यात तो म्हणाला, "उद्याच जातो पुण्याला. त्याच्यापाशी कोणी नाही. उठवायला, बसवायला माणूस लागतं."

"किती दिवस?"

"तो चालेपर्यंत."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती. मीच तर दाखवलं होतं.

सोमवारी कानबाई बोळवायची होती. सगळा रस्ता बँडनं भरलेला, बाया डोक्यावर घेऊन निघालेल्या, पोरं नाचत होती. पोराला स्टेशनला न्यायची रिक्षा हलेना. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून पाहिला, मग रिक्षा तिथंच सोडली आणि पिशवी खांद्यावर टाकली. "चला जॉकीशेठ, आज पायी. बघा, तुम्ही कोणाच्या साइडला घुसू नका," म्हणाला. पोरानं त्याच्या पाठीवर थाप मारली. गुलालात दोघं दिसेनासे झाले. मी कोपऱ्यापर्यंत गेली होती, तिथून परत आली. वजनकाटा घरीच राहिला होता.

अपील मागं घेतलंच, पण तो पंचांकडे बी गेला. सांगितलं की मी पाहिलं होतं. तेव्हा शिक्षा वाढली, मुंबईच्या रेससुद्धा गेल्या. चांगला घोडा दुसऱ्याला दिला. नंतर ट्रेनरनं त्याला सकाळी घोडे फिरवायच्या कामावर ठेवलं, त्याला बंदी नसते म्हणे. शिक्षा संपून किती दिवस झाले, रेसला अजून कोणी बोलावलेलं नाही. आता बंदीच लागत नाही, तर घरी कशाला येईल? घोड्याला रोज फिरवावं लागतं, त्याला सण नसतो. बाया विचारतात, पोरगा आला नाही बऱ्याच दिवसांत. मी सांगते, कामात आहे. हे खरंच आहे.

तो तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्याचा दवाखान्यातून फोन आला होता. लूम चालू होते, म्हणून मी मोरीत जाऊन दार लावून बोलली.

"सांगितलं त्याला?" मी विचारलं.

"सांगितलं. पाहून आत आलो म्हटलं."

"मग?"

"त्यानं भिंतीकडं तोंड केलं. संध्याकाळपर्यंत तसाच."

"मग तू काय केलं?"

"बसलो तिथंच स्टुलावर."

"आणि मग?"

"मग पाणी मागितलं त्यानं."

"दिलं?"

"दिलं. मान धरून पाजावं लागतं, माय. ठेवतो आता, त्याला कुशीवर करायचं आहे."