बँकेने दिलेली शिक्षा

आता ऐकायचंच म्हणताय तर ऐका, पण चहा आधी संपवा. हा किस्सा ऐकताना एकदा माझ्या नणदेच्या साडीवर अख्खा कप सांडलेला आहे. बँकेत जाऊन माणसाने किती वेडेपणा करावा याला काही मर्यादा असते, आणि ती मी ओलांडलेली आहे.

मी मूळची कऱ्हाडची. लग्न करून रायपूरला आले तेव्हा छत्तीसगड राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. सासर ब्राह्मणपाऱ्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या रायपूरचं. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत हिंदी अशी मुरलेली की कुठला शब्द कुठल्या भाषेतला, हे त्यांनाही सांगता येत नाही. माझी हिंदी शाळेतली, परीक्षेपुरती.

मला एका खासगी ऑफिसात नोकरी लागली. राजधानी नवी होती, तिचे नकाशे आमच्याकडे निघत. पगार एक तारखेला थेट बँकेत जमा. दोन-तीन पगार वेळेवर झाले आणि मला जरा माज चढला. सासूबाईंना म्हटलं, तुमच्या कानात माझ्या कमाईच्या कुड्या घालणार.

सदर बाजारातले एक सेठजी आमचे सराफ. सासूबाईंच्या लग्नापासून तिथला सगळा व्यवहार तोंडी शब्दावर. त्या म्हणाल्या, "पैसे हळूहळू देऊ व, सेठजी थांबतेत." पण मला मिरवायचं होतं ना? मी ऐटीत पर्समधून चेकबुक काढलं आणि पुढच्या दोन तारखेचा चेक फाडून दिला. सेठजींनी कुड्या त्याच दिवशी दिल्या. सासूबाई त्या घालून सगळीकडे फिरून आल्या.

आणि त्याच महिन्यात पगार झाला नाही. ज्यांची सही लागते ते मालक मुलीच्या लग्नाला गावी गेलेले. एक तारीख गेली, दोन गेली. शेवटी मी बँकेत गेले.

बँक पहिल्या मजल्यावर होती. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मैडम, आपका खाता खाली है।"

मी म्हटलं बरं, आणि जिना उतरून खाली आले. खाली स्कूटर लावलेल्या आणि एक उसाच्या रसाचा गाडा. इकडे तिकडे बघून पुन्हा वर गेले.

"भैया, खाली तो कुछ भी नहीं है।"

"वही तो कह रहा हूँ, मैडम। कुछ भी नहीं है।"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं! सेठजींचा चेक परत गेला होता. वर बँकेने होते नव्हते ते पैसेही कापून घेतले होते. मी विचारलं, हे कसले? त्याने कोऱ्या स्लिपवर हिंदीत तीन ओळी लिहून दिल्या आणि पुढच्या माणसाकडे वळला. चेक अनादरण. सेवा कर. शिक्षा उपकर.

तुम्ही म्हणाल, शाळेत हिंदी नव्हती का? होती हो. पण घाबरलेल्या माणसाला आईचीच भाषा सुचते. मी मराठीत वाचलं. वर अनादर, म्हणजे गुन्हा. खाली शिक्षा. आणि मध्ये 'सेवा कर', तेही एकेरीत! काल-परवापर्यंत मॅडम मॅडम करणारी बँक आता मला सरळ हुकूम सोडत होती. ही सक्तमजुरीच असणार, अशी माझी खात्री झाली.

खात्री पक्की केली ऑफिसातल्या साहू दीदीने. ती टिफिनमधला भात कालवत म्हणाली, "चेक बाउंस? उसमें तो दो साल की जेल है।" आणि लोणच्याची फोड माझ्यापुढे केली. मी माझा डबा तसाच झाकून ठेवला. माझे हे कामासाठी जगदलपूरला, फोन लागेना. जेलपेक्षाही मला एकाच गोष्टीची धास्ती होती, की सेठजी दुकानात चार लोकांसमोर सासूबाईंना काय बोलतील. आयुष्यभर ज्या बाईच्या शब्दावर सोनं मिळालं, तिची पत मी एका कागदाने घालवली होती.

घरी आले तर सासूबाई आरशासमोर. कानात त्याच कुड्या. चेकचं नाव काढायची हिंमतच होईना, म्हणून मी सरळ शेवटचं सांगून टाकलं.

"आई, मला बहुतेक दोन वर्षांची शिक्षा मिळणार आहे."

त्या गर्रकन वळल्या. चेहरा फुललेला. "काय म्हणतं! कोण देऊन राहिलं?"

"बँक."

"हव, आजकाल बँकाच देतेत. टीव्हीवर दाखवतेत ना."

टीव्हीवर दाखवतात? मला रडूच फुटलं.

"तर मग रडून काहून राहिली तू? बढिया झालं. माह्या वक्ती मले कोणी दिली नाई व. बाबांच्या किती हातापाया पडली मी. म्हणे, पोरीच्या जातीले शिक्षा कायले पाहिजे!"

 हिला शिक्षा हवी होती?

"आपल्या वसूनं बी लग्नानंतरच घेतली ना. बिलासपूरले. पोट्टा लहान होता, माह्यापाशी ठेवून गेली."

वसूताई म्हणजे माझी मोठी नणंद. शाळेत मुख्याध्यापिका, सगळ्या घराण्यात मान. लग्नात मी त्यांच्या दोनदा पाया पडले होते. त्या बिलासपूरला आत होत्या, आणि स्थळ बघताना हे आम्हाला कोणी सांगितलं नाही!

"मग... त्या बाहेर आल्यावर?"

"निघाली का सरकारी नोकरी लागली."

"आई, तिथेच राहावं लागतं हो."

"तं राहा लागते. वसू बी राहे. जेवण बेकार असते म्हणे, पण सवय होऊन जाते. तू घराची फिकर करू नको. मी इतवारी डब्बा घेऊन येईन तुह्यासाठी."

मग मात्र मला भडभडून आलं. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. खरं सांगते, माझ्या सख्ख्या आईनेही माझी जेल इतकी समजून घेतली नसती. असं सासर नशिबाने मिळतं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

सकाळी दार उघडलं तर शेजारच्या तिवारी काकी पेढे घेऊन उभ्या. "बधाई हो बहू, सुना है तुमको शिक्षा मिल रही है।" मागून आणखी दोघीजणी. सासूबाई आदल्या संध्याकाळीच सगळा पारा, म्हणजे अख्खी आळी, फिरून आल्या होत्या. मी पेढा तोंडात धरून विचार केला, या गावात जेलला जाण्याची फार कौतुकाची पद्धत दिसते.

मी ठरवलं, आता बँकेत जाऊन पाया पडायचं. सासूबाई म्हणाल्या, "मी बी येतो. मोठ्या माणसाची सही लागते." आम्ही दोघी थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो.

मी हात जोडले. "सर, मुझे शिक्षा मत दीजिए। मुझसे नहीं होगा।"

सासूबाईंनी मला कोपर मारलं. "लाजते ती. आप तो दीजिए भैया, पूरी दो साल की।"

मॅनेजर समजुतीने हसले. "देंगे माताजी, ज़रूर देंगे। गारंटी कौन देगा?"

"मैं दूँगी ना।"

आपल्याच सुनेला आत टाकायला ही बाई जामीन राहते? मी मटकन खुर्चीत बसले.

मॅनेजर प्रेमाने माझ्याकडे वळले. "बेटी, अभी तक आपकी शिक्षा कितनी हुई है?"

"अभी कहाँ हुई, सर," मी हुंदके देत म्हटलं, "इसीलिए तो डर लग रहा है।" आणि पर्समधली ती स्लिप त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी स्लिप वाचली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचली. मग अगदी हळू म्हणाले, "मैडम, सेवा कर मतलब टैक्स। और ये शिक्षा उपकर, ये भी टैक्स है, बच्चों की पढ़ाई के लिए।"

पढ़ाई! शिक्षा म्हणजे पढ़ाई! पाचवीच्या पहिल्या धड्यातला शब्द! केबिनची फरशी दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते. मॅनेजरने संगणकात पाहून सांगितलं, पगार सकाळीच जमा झालाय, सेठजींनी चेक पुन्हा टाकला की पास होईल, कोणी कुठेही जात नाहीये. कापलेले पैसे मात्र परत मिळणार नाहीत.

सासूबाईंना सगळं समजायला जिना उतरेपर्यंत वेळ लागला. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी त्या थांबल्या. "एवढ्यासाठी रातभर रडली तू? मले सांगतलं असतं तं मीच सेठजीले म्हटलं असतं, चार दिवस थांबा म्हणून." आणि त्यांनी माझे डोळे पदराने पुसले.

मला वाटलं, सुटले. पण त्यांनी पिशवीतून एक फॉर्म काढला. मी खुर्चीत तोंड लपवून बसले होते, तेव्हा त्यांनी मॅनेजरकडून शिक्षणाच्या कर्जाचा फॉर्म मागून घेतला होता.

"साऱ्या पाऱ्यात सांगून आली मी. पेढे खाल्ले आपण. आता शिक्षा तं घ्याच लागते तुले."

घेतली. नोकरी सांभाळून दोन वर्षं एम.ए. केलं, आणि एका दिवसाचीही सूट मिळाली नाही. दर रविवारी मी अभ्यासाला बसले की सासूबाई खरोखर डबा आणून समोर ठेवत. विषय कोणता घ्यायचा, हेही त्यांनीच ठरवलं होतं.

हिंदी.