आईचे बूट

कामाकुरातल्या देवळात शिरताना बूट काढले, तेवढ्यात समुद्राचा खारट वास आला आणि फ्रान्समधल्या बेटावरचा तो जुना मठ आठवला. तेव्हा आईबरोबर एका दिवसाची धावती सहल होती. पायऱ्यांशी आईने बूट काढले. "चोरीला जातील रे, तू थांब इथेच," म्हणाली आणि गार दगडांवरून अनवाणी वर गेली. खाली वाळूवर भरतीचं पाणी सरकत येत होतं, आमची बस सुटायला आली होती आणि मी तिचे बूट राखत चिडून येरझाऱ्या घालत होतो. शेवटी ती हसतच उतरली. "अरे, आत सगळे बूट घालूनच फिरत होते!"

मठ मी पाहिलाच नाही. आता आई नाही. इथे जपानमध्ये बूट कुणी चोरत नाही, तरी देवळात माझं मन लागत नाही. वाटतं, बाहेरच थांबावं. ती उतरेल.