मतदानाच्या दिवशीचा सत्कार

दारूबंदी समितीत मी गेले ती टायपिंगमुळे. औरंगपुऱ्यात माझं डीटीपीचं दुकान होतं आणि समितीच्या अध्यक्षाबाई दर आठवड्याला एक निवेदन टाइप करून न्यायच्या. कधी जिल्हाधिकाऱ्यांना, कधी विभागीय आयुक्तांना, पुष्कळदा दोघांना एकच, फक्त वरचं नाव बदलून. एकदा मी मजकुरातल्या चुका न विचारता दुरुस्त करून दिल्या. पुढच्या बैठकीत मला सहचिटणीस करण्यात आलं. तेव्हापासून निवेदनं फुकट जायला लागली.

अध्यक्षाबाईंना सगळे ताई म्हणायचे. निवृत्त मुख्याध्यापिका. क्रांती चौकात भर वाहतुकीत माइकशिवाय बोलल्या तरी पलीकडच्या फुटपाथवर ऐकू जायचं. चिटणीस मात्र पुरुष होते. त्यांचा प्लॉटिंगचा धंदा होता आणि त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. बायकांच्या समितीत चिटणीस पुरुष का, असं मी एकदा विचारलं तर ताई म्हणाल्या, "गाड्या बघायला कुणीतरी लागतं गं."

आणि ते खरंच होतं, कारण आमची समिती एकच गोष्ट उत्तम करायची: माणसं जमवणं. भाऊ कुठून तरी गाडी मिळवायचे, गाडी एखाद्या वस्तीवर जायची, बायका भरून आणायची, ताई बोलायच्या, खिचडी वाटली जायची, फोटो निघायचा. खुलताबादच्या दुकानाविरुद्ध चिकलठाण्याच्या बायका बसायच्या आणि चिकलठाण्याच्या दुकानाविरुद्ध फुलंब्रीच्या. फोटोत गाव दिसत नाही, असं भाऊ म्हणायचे. गाडी कुणी दिली, खिचडी कुणाची, हे विचारायची पद्धत नव्हती. आभाराच्या वेळी भाऊ फक्त "एक हितचिंतक" म्हणायचे, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

अशात वाळूजच्या कारखान्यांपलीकडच्या एका गावातून एक बाई आल्या. त्यांची खानावळ होती. घरचे लोक पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे. आता दीर कंपनीत, नवरा थोड्या शेतीवर आणि बाई स्वतः खानावळीत. त्यांना मी वहिनी म्हणायला लागले. त्या मला मॅडम म्हणायच्या, आणि त्यात अजिबात आदर नसायचा.

खानावळीच्या बरोबर समोर सरकारमान्य देशी दारूचं दुकान होतं. ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळव्या आवाजात विचारलं, "मालक फार पितात का हो?"

"नाय हो," वहिनी म्हणाल्या. "थेंब घेत नाय. म्हणून तर जास्त राग येतो. माझं माणूस देवळात बसतं अन् दुसऱ्याची माणसं माझ्या बाकड्यावर येऊन ओकतात."

त्यांचं गाऱ्हाणं सरळ होतं. संध्याकाळचं जेवण हाच खरा धंदा. कारखान्यातली शिकाऊ पोरं पाळी सुटली की जेवायला यायची. आता समोरून झिंगलेले लोक येऊन बसतात, ताटं फेकतात, म्हणून पोरं दुसरीकडं जायला लागली होती. संध्याकाळची चूल बंद करायची वेळ आली होती. "दुपारच्या जेवणावर घर चालत नाय," त्या म्हणाल्या. "एक तर ते दुकान राहील, नाय तर मी."

त्यांना मोर्चा नको होता, आडवी बाटली हवी होती. ही आपल्या राज्यातली एक फार चांगली सोय आहे. गावातल्या पुरेशा बायकांनी सह्या करून मागणी केली की सरकार फक्त बायकांचं मतदान घेतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला हवं असेल तर आडवीवर शिक्का मारायचा. मेख एवढीच की, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. आलेल्या बायकांपैकी नव्हे, यादीतल्या. जी घरी बसली ती उभ्या बाटलीकडून बसली, असाच त्याचा अर्थ.

सह्या वहिनींनीच जमवल्या. दारोदार जाऊन, लेकरं सांभाळून, भांडून. मी कागदपत्रं केली. उत्पादन शुल्कवाल्यांनी सह्या तपासल्या आणि मतदानाचा एक रविवार ठरला.

त्याच रविवारी ताईंना पुरस्कार जाहीर झाला. देणाऱ्या संस्थेचं नाव आम्ही कुणी ऐकलेलं नव्हतं. पण मंत्री येणार होते आणि सिडकोतलं नाट्यगृह घेतलेलं होतं. नाट्यगृह म्हणजे खुर्च्या, आणि खुर्च्या म्हणजे माणसं. भाऊंनी बैठकीत सांगितलं की एका हितचिंतकाने दोन गाड्या दिल्या आहेत, आणि त्या वहिनींच्याच गावातून बायका आणण्यासाठी दिल्या आहेत.

"भाऊ, त्या बायका त्या दिवशी गावातच लागणार आहेत," मी म्हटलं.

"मॅडम, मतदान संध्याकाळपर्यंत आहे. सकाळी सत्कार, दुपारी जेवण, मग आरामात मतदान."

"आधी मतदान करून का येत नाहीत?"

"मंत्री सकाळी येणारेत. मंत्र्यांना थांबवायचं का?"

ताई चष्मा पुसत म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी लढले त्यांच्या हातून फूल घ्यायचंय गं मला. एवढंसुद्धा नाही का?"

हरकत घेणारी मी एकटीच होते. ठराव बहुमताने मंजूर झाला.

रविवारी सकाळी मी स्कूटी घेऊन गावात पोचले. शाळेत मतदानाची सगळी तयारी होती, टेबलं, पेटी, पोलीस, आणि पंख्याखाली बसलेले कर्मचारी. बायकाच नव्हत्या. तुरळक चार-दोन येऊन गेल्या होत्या. बाकीच्या भल्या सकाळीच गाड्यांतून गेल्या होत्या. भाऊंनी घरोघर निरोप दिला होता की जेवण आहे, शिवाय प्रत्येकीला स्टीलचा डबा.

दारूच्या दुकानाचं शटर त्या दिवशी कायद्याने बंद होतं. मालक बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होता. मला बघून उठला, नमस्कार केला. "या मॅडम, चहा घ्या. ऊन लई आहे." मतदानाच्या दिवशी इतका खुशीत असलेला दारू दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

दुपार उलटली तरी गाड्या आल्या नाहीत. मी भाऊंना फोन केला. "निघालोच," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा केला. "मंत्री जालन्याहून निघालेत." तिसऱ्यांदा केला तेव्हा मागून स्वागतगीत ऐकू येत होतं.

वहिनींनी पोळपाट बाजूला ठेवला. खानावळीत एक ड्रायव्हर जेवत होता. तो कंपनीची पाळीची बस चालवायचा. रविवारी बस त्याच्याकडेच उभी असायची.

"दादा, पोटभर झालं ना?"

"अजून भात राहिला."

"भात आल्यावर. उठा, गाडी काढा."

"वहिनी, कंपनीची गाडी आहे. नोकरी जाईल माझी."

"नोकरी गेली तर जन्मभर इथं जेवा. उठा!"

तो उठला. मी आणि वहिनी त्या रिकाम्या बसमधून सिडकोत गेलो. नाट्यगृह खच्चून भरलेलं होतं. मंत्री नुकतेच आले होते आणि कुणीतरी त्यांचा परिचय करून देत होतं. मी विंगेतून स्टेजवर जाऊन ताईंच्या कानाशी वाकले. फोटोग्राफर समोर असल्यामुळे ताई हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता म्हणाल्या, "मानपत्राचं वाचन होऊ दे."

वहिनींनी असल्या परवानग्या घेतल्या नाहीत. त्या थेट रांगांमध्ये घुसल्या. "उठा गं! मतदान संपायला आलं. चला!"

"अगं, डबा नाय मिळाला अजून," एक म्हातारी म्हणाली.

"मी देते डबा!"

"तू कुठून देणार?"

"खानावळीतला देते. भाजीसकट देते. उठ आता!"

हशा पिकला आणि बायका उठायला लागल्या. एक रांग उठली, मग दुसरी. मंत्री गोंधळून बघायला लागले. ताई मात्र ताईच. माइक ओढून त्या म्हणाल्या, "आमच्या रणरागिणी मतदानाला निघाल्या आहेत! जोरदार टाळ्या!" उरलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या खालीच बसून राहिल्या.

आमच्या बसमध्ये मावल्या तेवढ्या मावल्या. बाकीच्यांसाठी भाऊंच्या गाड्या शोधल्या तर त्या जागेवर नव्हत्या. ड्रायव्हर डिझेल भरायला गेलेत, असं कळलं. दोघेही एकाच वेळी. आम्ही शाळेच्या फाटकात शिरलो तेव्हा वेळ संपतच आली होती. आत आलेल्या सगळ्या बायकांना मतदान घेणाऱ्या साहेबांनी रांगेत घेतलं आणि मतदान करू दिलं. हितचिंतकाच्या गाड्या आल्या तेव्हा फाटक बंद झालं होतं. त्यातल्या बायका डबे घेऊन बाहेर उभ्या राहिल्या.

मोजणी लगेच झाली. चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या आडव्या निघत होत्या. उभी एखादी. तरी यादीच्या निम्म्याला आकडा पोचला नाही. दारूच्या दुकानासमोर फटाके वाजले. फटाके आधीच आणून ठेवलेले होते.

"उभीला कितीशी मतं पडली?" वहिनींनी विचारलं.

"अगदी थोडी."

"मग हरलो कसं?"

"न आलेल्यांमुळे."

"अन् न आलेल्या टाळ्या वाजवत होत्या," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या.

पुढच्या आठवड्यातली बैठक मी कधी विसरणार नाही, कारण इतकी करमणूक मला कुठल्या नाटकात मिळालेली नाही. परतताना आमच्या ड्रायव्हरने मला सांगितलं होतं की भाऊंच्या गाड्या दुकानदाराच्या मेहुण्याच्या होत्या. गाड्या नंबरावरून अख्ख्या वाळूजच्या ड्रायव्हरांना माहीत होत्या. मी बैठकीत सरळ विचारलं. भाऊ जराही डगमगले नाहीत.

"हितचिंतकाची जात, पक्ष आणि धंदा विचारायचा नाही, ही समितीची परंपरा आहे."

"भाऊ, आपली दारूबंदी समिती आहे."

"मॅडम, गाडी ती गाडी. ती थोडीच पिते?"

नाट्यगृहाचं भाडं, जेवण आणि डबेही त्याच मेहुण्याचे निघाले. पुरस्कार देणारी संस्था नेमकी कुणाची, हे कुणालाच सांगता येईना. तिचं नाव नंतरही कधी ऐकू आलं नाही. ताई रडल्या, माझा वापर झाला म्हणाल्या. पण सन्मानचिन्ह परत करायचा विषय निघताच त्यांनी डोळे पुसले आणि पुढचा विषय घेतला. चौकशी समिती नेमायची ठरली. तिचं निमंत्रकपद भाऊंना दिलं, कारण सगळी माहिती त्यांच्याकडेच होती.

चौकशी झाली नाही, फूट मात्र पडली. भाऊंनी वेगळी समिती काढली आणि नावाआधी "मूळ" लावलं. ताईंनी "अधिकृत" लावलं. दोघांचेही लेटरहेड माझ्याकडेच छापायला आले. मी दोन्हीकडचा राजीनामा दिला, पण गिऱ्हाईक म्हणून दोघांनाही ठेवलं.

लगेच दुसरं मतदान मागता येत नाही. मधल्या काळात वहिनींची संध्याकाळची चूल बंद झाली. दुपारवर त्या कशाबशा तगल्या. मुदत संपताच त्या माझ्या दुकानात येऊन समोर बसल्या.

"टाइप करा. परत करायचंय."

"समिती कुठली लिहू?"

"कुठलीच नाय. गावातल्या बाया."

पुन्हा सह्या, पुन्हा तपासणी, पुन्हा एक रविवार. पण बातमी फुटलीच. दोन्ही समित्यांनी जाहीर केलं की मतदानाच्या दिवशी आम्ही गावात निर्धार मेळावा घेणार, गाड्यांची सोय केलेली आहे. वहिनींनी मला फोन केला. "मॅडम, त्या दोघांना तेवढं गावाबाहेर ठेवा. बाकीचं मी बघते."

हे काम अगदी सोपं निघालं. ताई लेटरहेड न्यायला आल्या तेव्हा मी एवढंच म्हटलं, "ताई, त्या दिवशी भाऊंनी शहरात मेळावा घेतला तर पेपरात तेच येतील. पत्रकार काही गावात जाणार नाहीत." ताईंनी माझ्या दुकानातल्या फोनवरूनच नाट्यगृह ठरवलं. मग मी भाऊंना सांगितलं की ताईंनी नाट्यगृह घेतलंय, आणि हे तोवर खरंच झालं होतं. भाऊंनी मैदान घेतलं. दोघांच्या पत्रिका मी त्याच दिवशी करून दिल्या.

रविवारी मी शहरातच थांबले, कारण दुकानात फोनवर फोन येत होते. ताई विचारत होत्या, मैदानावर किती गर्दी आहे? भाऊ विचारत होते, नाट्यगृह भरलंय का? मी दोघांनाही सांगितलं, बरीच आहे. दोघंही जास्त बायका आणायला गाड्या सोडत राहिले, अजिंठ्याकडे, पैठणकडे, जिकडे रस्ता मोकळा दिसेल तिकडे.

गावात काय झालं ते वहिनींनी नंतर सांगितलं. त्यांनी एकच नियम केला होता, मतदान होईपर्यंत कुणी गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पैठणला एक लग्न होतं. वहिनी नवरदेवाच्या आईपुढं उभ्या राहिल्या, "वऱ्हाड मतदान करून निघंल. हळद काय पळून जात नाय." माहेरी गेलेल्या सुनांना बोलावून आणलं. चालता न येणाऱ्या एका आजीला दोघींनी मोटरसायकलवर मधे धरून आणलं. आजी शिक्का मारून बाहेर आल्या आणि डबा कुठंय म्हणून विचारायला लागल्या.

संध्याकाळी फोन आला. मागे बायकांचा गलका होता.

"निम्म्याच्या पुढं गेलो," वहिनी म्हणाल्या.

"बरंच पुढं?"

"नाय, थोडंच. पण गेलो."

दारूच्या दुकानाला सील लागायला मात्र वेळ लागला. सरकारी कागद त्यांच्या चालीने चालतात. सील लागल्यावर काही दिवसांनी एका संध्याकाळी मी मुद्दाम खानावळीत गेले. मला वाटलं होतं, आत बसून निवांत बोलू. पाळी नुकतीच सुटली होती आणि बाकडी भरलेली होती. पोरं दारापर्यंत उभी होती. वहिनींनी तव्यावरून नजरही न उचलता सांगितलं, "मॅडम, थांबा जरा. एक पंगत उठू द्या."

एक उठली, मग दुसरी. माझा नंबर लागेपर्यंत भाजी संपली होती. मी आमटी-भाकरी खाल्ली आणि पोरांच्या मागून हात धुतले.