बारा खुरांचा नालबंद

लोक घोड्याकडे वरून बघतात. मान कशी आहे, छाती किती रुंद आहे, कातडीवर चमक आहे की नाही. नालबंद घोड्याकडे खालून बघायचा. चाळीस वर्षं त्यानं घोडे असेच पाहिले, कमरेत वाकून, घोड्याचा पाय आपल्या दोन गुडघ्यांमध्ये धरून. घोड्याला तोंड असतं हे त्याला माहीत होतं, पण ओळख पटायची ती तळपायावरून. रस्त्यात एखादा घोडा समोरून आला की तो बुचकळ्यात पडायचा. घोडा पुढं निघून गेला, मागची टाच दिसली, की म्हणायचा, "अरे, हा होय."

तो लोहाराचा तिसरा मुलगा. थोरल्या दोघांनी भाता आणि ऐरण वाटून घेतली, त्याच्या वाट्याला एक लाथाळ घोडी आली, जिला नाल मारायला गावात कुणी धजत नव्हतं. त्यानं तीन दिवस तिच्या शेजारी नुसतं बसून काढले. चौथ्या दिवशी घोडीनंच पाय उचलून दिला. तेव्हापासून तो नालबंद झाला आणि पुढं रेसकोर्सच्या मागच्या रस्त्यावर येऊन राहिला. तिथं त्याचं पत्र्याच्या छपराचं दुकान, दुकानामागं दोन खोल्या, आणि पलीकडं तबेल्यांच्या लांबच लांब रांगा. पहाटे पागेतून घोडे सरावाला निघाले की अंथरुणात पडल्या पडल्याच तो सांगायचा, "डाव्या पुढच्याचा नाल सैल झालाय कुणाचा तरी." बायको म्हणायची, "झोपा आता. माझ्या चपलेचा अंगठा महिनाभर तुटलाय, तो नाही ऐकू येत."

त्याच्या कामाची एक पद्धत होती. नालाचे खिळे तो ओठांत धरायचा. सगळेच नालबंद धरतात, पण हा जिभेनं खिळा फिरवून घ्यायचा. नालाच्या खिळ्याच्या टोकाला एका अंगानं तिरपा काप असतो, आणि त्याच अंगाला डोक्यावर खरखरीत खूण. काप आतल्या बाजूला ठेवून ठोकलं की खिळा खुराच्या कवचातून बाहेर वळतो. उलटा ठोकला तर आत वळतो, जिवंत मांसाकडं. हा न बघता खिळा काढायचा तो बरोबर वळवूनच. डोळे खुरावर, हात हातोडीवर, आणि खिळ्याची दिशा जिभेवर. बायको सांगायची, "कामावर तोंडात खिळे, घरी तोंडात घास. यांचा आवाज मी ऐकला तो झोपेत बरळताना."

चाळीस वर्षं खिळे धरून समोरचे दात झिजले आणि मग हलायला लागले. बायकोनं त्याला दातांच्या डॉक्टरकडं अक्षरशः ओढत नेलं. मोठ्या शर्यतीच्या दोन आठवडे आधी त्याला नवी कवळी बसली. आरशात बघून तो म्हणाला, हे कुणाचं तोंड आहे. बायको लाजली आणि म्हणाली, लग्नातलं.

ही मोठी शर्यत म्हणजे दीड मैलाची. ठरावीक वयाचेच घोडे तीत धावतात, त्यामुळं घोड्याच्या आयुष्यात ती एकदाच येते. पुढच्या वर्षी वय निघून गेलेलं असतं. म्हणून महिनाभर आधीपासून सगळा रस्ता एकच गोष्ट बोलत होता. न्हावी एका गालाची दाढी करून थांबायचा आणि वस्तरा हातात धरून विचारायचा, "मग? कोण?" पेपरात रेसचं सदर लिहिणारा बातमीदार दुकानातल्या स्टुलावर वही उघडून बसायचा. दावेदार तीन होते. तिन्ही वेगवेगळ्या तबेल्यांतले आणि तिघांचेही पाय नालबंदाच्या हातातले. म्हणून तो कुणालाच काही सांगायचा नाही. बातमीदारानं फारच पिच्छा पुरवला तर म्हणायचा, "चौघांचं चांगलं चाललंय."

"तीनच आहेत ना काका?"

"चौथा मी."

मनातलं तो बोलायचा फक्त मुलीशी. मुलगी त्याची एकुलती एक, पस्तिशीची, दोन मुलांची आई. तिचा नवरा शिंपी होता, जॉकींचे रेशमी सदरे शिवायचा. सासरा घोड्यांची मापं घेतो आणि जावई घोड्यांवर बसणाऱ्यांची, अशी रस्त्यावर चेष्टा चालायची. मुलगी बापाच्या हाताखालीच शिकली होती. घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेची तट्टं आणि गाडीचे घोडे ती एकटी करायची, आणि चोख करायची. शर्यतीच्या घोड्यांना मात्र ती फक्त पाय धरून द्यायची. खिळा बाप मारायचा. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण बापानं कधी हातोडी पुढं केली नाही आणि तिनं कधी मागितली नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी बापलेक अवजारांची पेटी घेऊन निघाले. रोजचे लोखंडी नाल काढून शर्यतीचे हलके, ॲल्युमिनियमचे नाल मारायचे होते. चालता चालता नालबंद बोलत होता. कवळीमुळं त्याच्या बोलण्यात अजून थोडी शिट्टी यायची.

सगळ्यांचा भरवसा हेडमास्तरवर होता. हा मोठा, गडद तपकिरी घोडा, गंभीर चेहऱ्याचा, कधी खिंकाळला तरी शिस्तीत. नालबंदाच्या मते त्याचे खूर ताटाएवढे होते. मऊ जमिनीवर तो बुडत नाही, पण जमीन कडक असली की शेवटच्या फर्लांगात त्याला पावलं मोजून टाकावी लागतात. आणि गेले दोन आठवडे ऊन कडक होतं.

दुसरा तांबट. तांब्याच्या रंगाचा, तापट, फाटक उघडलं की सुटतो तो थेट पुढं. "त्याच्या मागच्या नालांचं टोक बघितलंस?" नालबंदानं मुलीला विचारलं. "दर वेळी टोकच झिजतं. सगळा जोर पहिल्या मैलात काढतो. मैलभराची शर्यत असती तर मी आजच हार घेऊन गेलो असतो. उरलेला अर्धा मैल कुठून आणणार?"

तिसरी कबुतरी, करड्या रंगाची घोडी. मागं राहते, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि वळण संपलं की अशी येते की पुढच्या घोड्यांना वाटावं आपणच थांबलो की काय. कडक जमीन तिला मानवते, लांबी मानवते. तिच्या विरुद्ध एकच गोष्ट होती. तिचे खूर. कवच इतकं पातळ की उन्हात धरलं तर पलीकडचं दिसेल, असं नालबंद म्हणायचा. खिळा मारायला जागा गव्हाच्या दाण्याएवढी. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी तिला नाल मारला आणि ती महिनाभर लंगडली. तेव्हापासून नालबंदानंच बजावून ठेवलं होतं की या घोडीच्या पायाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. ट्रेनरनं ते तबेल्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं होतं.

"म्हणजे कबुतरी," मुलगी म्हणाली.

"पाय शाबूत राहिले तर," बाप म्हणाला.

हेडमास्तरचे चारही पाय तासाभरात झाले. मग तांबट. त्याचा मागचा उजवा पाय मुलीनं धरला होता. नालबंदानं ओठांतून खिळा काढला, लावला, ठोकला. एक, दोन, तीन. तिसऱ्या ठोक्याला घोड्याचं सगळं अंग शहारलं आणि मुलीच्या हातातला पाय झटक्यानं वर गेला. तिनं पक्कड पुढं केली. बापानं खिळा उपटला. तो उलटा लागला होता.

त्यानं खिळ्याचं टोक बघितलं. रक्त नव्हतं. मुलीनं भोकात औषध भरलं. नालबंद स्वतः जाऊन ट्रेनरला घेऊन आला आणि काय घडलं ते त्यानं सांगितलं. ट्रेनरनं घोडा दगडी फरशीवर दुडक्या चालीनं चालवून बघितला. चाल सरळ होती. खिळा मांसाला लागण्याआधीच निघाला होता. ते भोक सोडून दुसरीकडं खिळा मारला आणि काम पुरं झालं. ट्रेनर म्हणाला, होतं काका एखाद वेळी. नालबंदाच्या हातून हे एखाद वेळीही झालं नव्हतं.

दोन तबेल्यांमध्ये पाण्याची टाकी होती. नालबंद तिच्या कठड्यावर टेकला. त्यानं कवळी काढली, धुतली, रुमालात गुंडाळून खिशात टाकली. मग एक खिळा तोंडात धरून जिभेनं फिरवून बघितला. पुन्हा फिरवला. चेहरा उजळला.

"दातांनी घोटाळा केला," तो बोळक्या तोंडानं म्हणाला. "जिभेला खूण लागतच नव्हती. कवळीवर सगळंच गुळगुळीत."

"मग झालं तर," मुलगी म्हणाली. "कामाला येताना घालू नका."

"आईला काय सांगशील?"

"आईला मी सांगेन की घोड्यांनी ओळखलं नाही तुम्हाला."

तो हसला. तिला वाटलं, मिटलं. पेटी उचलून ती पुढं झाली. तो मात्र तिथंच बसून राहिला, आणि तिनं मागं वळून बघितलं तेव्हा तो आपल्या उजव्या हाताकडं बघत होता.

कबुतरीच्या दाराशी तिचा ट्रेनर उभा होता, तिची देखभाल करणारा मोतद्दार उभा होता. घोडीनं कान पुढं केले आणि नालबंदाच्या खांद्याचा वास घेतला. त्यानं जुने नाल काढले. खूर कानशीनं इतके हलके घासले की भुगा पिठासारखा पडला. नवा नाल लावून बघितला, ऐरणीवर केसभर वाकवला, परत लावला. सगळं नेहमीसारखं, अगदी चोख. मग पुढचा डावा पाय गुडघ्यांत घेतला, ओठांत सहा खिळे धरले, हातोडी उचलली.

आणि तसाच राहिला.

मोतद्दाराला वाटलं कंबर धरली. ट्रेनरनं विचारलं, काका, काय झालं? नालबंदानं पाय हळूच खाली ठेवला. तोंडातले खिळे एक एक करून तळहातावर काढले. मग तो बोलला ते मुलीशी, पण दोघांनाही ऐकू जाईल असं.

"जीभ चुकली, त्याला कारण आहे. पण खिळा आत चालला की पहिल्याच ठोक्याला आवाज बदलतो. बद्द येतो. चाळीस वर्षं पहिल्या ठोक्याला माझा हात थांबत आला. आज मी तीन मारले. ते दातांनी नाही मारले."

मुलगी म्हणाली, "बाबा, तांबटचं कवच जाड आहे. तिथं आवाज उशिरा बदलतो."

"तुला कधी ऐकू आला?"

तिला खोटं बोलता आलं असतं, आणि त्या क्षणी तसं बोलावं असं तिला फार वाटलं. पण समोर कबुतरी तीन पायांवर भार टाकून, चौथा पाय सैल सोडून विश्वासानं उभी होती.

"पहिल्यालाच," ती म्हणाली. "मी पक्कड तेव्हाच उचलली होती."

नालबंदानं मान हलवली, कुणीतरी बरोबर निरोप आणल्यासारखी. कमरेचं कातडी फडकं सोडलं आणि तिच्या कमरेला स्वतः बांधलं, लहानपणी शाळेत जाताना तिच्या फ्रॉकचा पट्टा बांधायचा तशी दोन वेढ्यांची गाठ. ट्रेनर दाराकडं आणि दारावरच्या खडूच्या अक्षरांकडं बघत होता. या शर्यतीसाठी त्यानं दोन वर्षं वाट बघितली होती. "काका," तो हळूच म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतंत."

"आताही मीच सांगतोय, साहेब. पुसा ते."

मुलीनं पाय घेतला. बाप घोडीच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्या बाजूला उभा होता. कबुतरीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. त्यानं डोळे मिटले आणि कान खाली लावले. चोवीस खिळे. प्रत्येक खिळ्याचा पहिला ठोका येईपर्यंत त्याचा श्वास अडायचा आणि खणखणीत आवाज आला की सुटायचा. कबुतरीनं शेपटीसुद्धा हलवली नाही. अकराव्या खिळ्याला हातोडी थांबली. पहिला ठोका किंचित बद्द आला होता, इतका किंचित की मोतद्दाराला काही कळलंच नाही. नालबंद हलला नाही, बोलला नाही. मुलीनं खिळा काढला, दाण्याएवढा बाहेर सरकवला आणि पुन्हा लावला. खणखणीत.

बापाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं घोडीच्या मानेला पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्यत सुटली तेव्हा दोघं कुंपणाला टेकून उभी होती. तांबट अपेक्षेप्रमाणे पुढं पळाला आणि मैलानंतर फिका पडला. वळण संपलं, हेडमास्तर पुढं आला. मग बाहेरच्या अंगानं करडा रंग येताना दिसला आणि लोक ओरडायला लागले. दोन्ही घोडे नुसते एकमेकांजवळ येत राहिले. शर्यत संपते त्या खांबाजवळ हेडमास्तरची मान पुढं होती, मानेएवढीच. कबुतरी दुसरी आली.

न्हावी डोक्याला हात लावून बसला. नालबंदानं खांबाकडं बघितलंच नव्हतं. तो तिचे पाय बघत होता, आणि घोडे थांबायच्या आत तो कुंपणाच्या फटीतून आत शिरून चालायला लागला होता, मुलगी त्याच्या मागं.

ट्रेनर घोडीच्या मानेवरून हात फिरवत होता. त्याच्या चेहऱ्यावर हार होती आणि त्याखाली समाधानही. नालबंद वाकला. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचे दोन्ही. प्रत्येक खुराला त्यानं तळहात लावला, तापासाठी कपाळाला लावतात तसा. चारही थंडगार होते. नाल जागच्या जागी.

"हे नाल कधी काढायचे?" ट्रेनरनं विचारलं. त्यानं विचारलं ते मुलीला.

"उद्याच नको," नालबंद खालूनच म्हणाला. "दोन दिवस घोडीला मऊ मातीत उभी करा, मग..." तो थांबला. पाय खाली ठेवून कमरेला हात देत तो सावकाश उभा राहिला आणि दोन पावलं बाजूला झाला. "नाही. तिलाच विचारा."