घराला बाहेरून रंग देताना

घराच्या आत रंग देणाऱ्याला लोक जपून असतात. कपाटं बंद करतात, हळू बोलतात. बाहेरून रंग देणाऱ्याचं तसं नाही. तो परांचीवर चढला की थोड्या वेळात घरातले त्याला विसरून जातात, आणि मग खिडकीशी जे काही चालतं ते सगळं त्याच्या कानावर पडतं. म्हणून आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. संध्याकाळी ब्रश धुताना एकानं सुरुवात केली की दुसरा हातातला डबा खाली ठेवतो.

आम्ही तिघं. मी, माझा चुलतभाऊ पांडू आणि सिद्दराजू. पांडू आणि मी इथं कन्नड मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी रंगाऱ्यांच्या घरातले. आजोबा साड्या रंगवायचे, आम्ही भिंती. सिद्दराजू कन्नड माणूस, पण इतकी वर्षं आमच्यात राहून त्याला मराठी सगळं समजतं. बोलतो मात्र कमी. दिवसातून एखादं वाक्य, तेही चहा संपल्यावर.

*

सरस्वतीपुरमला एका रिटायर्ड प्रोफेसरांचं घर होतं. त्यांची एकच अट, रंग आधी होता तसाच हवा. आधीचा म्हणजे कुठला, तर ते म्हणाले क्रीम. बायको आतून म्हणाली पिस्ता. भिंत उन्हापावसानं अशी झाली होती की दोघांनाही खोटं म्हणता येईना. शेजाऱ्यांना विचारलं, त्यांनी गुलाबी सांगितला. पांडूनं कोपऱ्यात जरा खरवडून पाहिलं, तर खालून निळा निघाला. मग अमेरिकेतल्या मुलीला फोन. तिनं आपल्या लग्नातला फोटो पाठवला. त्यात घराला वरपासून खालपर्यंत मांडवाचं कापड आणि लाइटच्या माळा!

शेवटी बाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, जाऊ दे, सरांच्या मनासारखं होऊ दे, क्रीमच मारा. आम्ही क्रीम मारला. सर गेटपाशी गेले, चष्मा पुसला, बराच वेळ बघत राहिले आणि बायकोला म्हणाले, "तुझंच बरोबर होतं. पिस्ताच होता."

*

कुवेंपुनगरचे एक कापडवाले बैलकुप्प्याला फिरायला गेले आणि तिथल्या तिबेटी मठांचे रंग डोक्यात घेऊन आले. गडद लाल, सोनेरी, खिडक्यांना पिवळ्या चौकटी. मोबाइलवर फोटो दाखवून म्हणाले, अगदी असंच. बायको सांगत होती की अहो, आपल्याला इथं राहायचंय. ऐकतो कोण. काम झालं, आणि खरंच सुंदर झालं. घर रस्त्याच्या टोकापासून दिसायला लागलं.

पुढच्या रविवारी एक कुटुंब गेटबाहेर चपला काढून आत आलं आणि व्हरांड्यात शांत बसलं. बाईंना वाटलं, नवऱ्याच्या दुकानाकडचे लोक असतील. त्यांनी सगळ्यांना ताक दिलं. कापडवाल्यांना वाटलं, बायकोच्या माहेरचे असतील. हेही येऊन हात जोडून बसले. ताक पिऊन झाल्यावर पाहुण्यांमधला म्हातारा हळूच म्हणाला, "फार समाधान वाटलं. प्रार्थना कधी असते?"

टच-अपला गेलो तेव्हा गेटवर कन्नडमध्ये पाटी लागली होती, 'हे घर आहे'. सिद्दराजूनं ती नीट वाचली आणि चपला काढून आत गेला.

*

नजर लागू नये म्हणून आमच्याकडे घरावर राक्षसाचं तोंड टांगतात, दृष्टीबोंबे. मोठाले डोळे, बाहेर आलेली जीभ. रंग देताना ते उतरवावंच लागतं. एका घरी मात्र म्हातारी सासू उतरवू देईना. बोंबे खाली आलं की नेमकी तेव्हाच कोणाची तरी नजर लागणार, असं तिचं म्हणणं. सून वैतागून म्हणाली की मग भिंत वाळेपर्यंत तुम्हीच ते धरून बसा.

सासू खरंच बसली. गेटमागे खुर्ची, बोंबे मांडीवर, तोंड रस्त्याकडे. दूधवाला पिशवी लांबूनच ठेवून गेला. दुपारी तिला डुलकी लागली, तोंड उघडं पडलं. समोरचे काका गेटशी आले, जरा वेळ बघत राहिले आणि सिद्दराजूला विचारलं, यातलं कुठलं वर टांगायचंय?

सिद्दराजू म्हणाला, "सूनबाईंना विचारा."

*

जयलक्ष्मीपुरमला एका घरावर नाव लिहायचं होतं, 'मातृकृपा'. घरात आया दोन. नवऱ्याची आई खालच्या खोलीत, बायकोची आई वरच्या. मी 'मा' काढत होतो तेव्हा खालची आई येऊन विचारून गेली, हे नाव माझ्यावरूनच ना? मी हो म्हटलं. हातात ब्रश असताना वाद कोण घालणार. 'तृ' काढताना वरच्या खिडकीतून दुसऱ्या आईनं तेच विचारलं. तिलाही हो म्हटलं.

आम्ही जेवायला गेलो तेवढ्यात त्या दोघी एकमेकींशी बोलल्या. परत आलो तर मालक परांचीखाली उभे. म्हणाले, "कृपा तेवढी लिहा. माता पुसून टाका."

*

आता पांडूच्या स्वतःच्या घराचं सांगतो. त्याच्या घराला कधीच एक रंग नव्हता. कामावर डब्याच्या तळाशी उरलेला रंग तो घरी न्यायचा आणि पुरेल तेवढी भिंत रंगवून टाकायचा. पुढे राखाडी, डावीकडे मोरपंखी, कठड्याला लाल, मागे पिवळा. बायको म्हणायची, घराला ठिगळं लावलीत.

त्याच्या मुलीचं, दीपाचं, कडकोळच्या कारखान्यातल्या एका मुलाशी जमलं. दोघं एकाच ठिकाणी कामाला. मुलगा एच. डी. कोटे गावचा, आपल्याच लोकांतला. त्याची आई घर बघायला येणार असं ठरलं. दीपानं बापाकडे एकच मागितलं, "अप्पा, घर तेवढं एका रंगाचं कर." ती काही मागणारी पोर नाही. पांडू कामाला लागला, म्हणजे शेड कार्ड घेऊन बसला. जन्मभर दुसऱ्यांच्या पसंतीचे रंग मारलेल्या माणसाला स्वतःचा ठरवता येईना. ठरला तोवर पाऊस लागला, भिंती ओल्या झाल्या. शेवटी पाहुणे यायच्या सकाळी आम्ही तिघांनी मांडववाल्याकडून पांढरं कापड आणून घर चारी बाजूंनी गुंडाळलं. कोणी विचारलं तर काम चालू आहे म्हणायचं, असं ठरलं.

मुलाची आई आली. बुटकी, ताठ, मोजकं बोलणारी. गोड केसरीबात झाला, कॉफी झाली. दीपा समोर बसून ओढणीचं टोक पिळत होती. एवढ्यात वारा सुटला आणि मागच्या बाजूचं कापड फडफडून खाली आलं. बाई उठल्या आणि आवाजाच्या दिशेनं मागच्या अंगणात गेल्या. त्यांच्यामागे पांडू, पांडूमागे आम्ही.

बाई पिवळ्या भिंतीपाशी थांबल्या. तिला हात लावला. मग त्यांनी विचारलं, हा रंग कुठला? पांडू म्हणाला, असाच, एका कामात उरलेला.

"हा माझा आहे," बाई म्हणाल्या.

चाफ्याच्या पोटातला पिवळा हवा म्हणून त्यांनी दुकानदाराला खूप त्रास देऊन, थेंब थेंब घालायला लावून तो रंग करून घेतला होता. कोट्याला त्यांचं घर आम्हीच रंगवलं होतं. तेव्हा बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, काम दिरानं पाहिलं. म्हणून आम्ही त्यांना ओळखलं नाही आणि त्यांनी आम्हाला. पण रंग त्यांनी ओळखला. दिरानं त्यांना फोनवर कळवलं होतं की रंग कमी पडला, पेंटर अजून एक डबा मागतोय.

पांडू भिंतीसारखाच पिवळा पडला. दीपा मागच्या दारात उभी होती, तिनं चौकट घट्ट धरली होती. मी सिद्दराजूकडे पाहिलं, तर तो खाली पडलेल्या कापडाची घडी करायला लागला होता.

बाईंनी भिंतीवरचा हात काढून पदराला पुसला. एकदा दीपाकडे पाहिलं, मग पांडूकडे.

"आमचा रंग तुम्ही न विचारता आणलात," त्या म्हणाल्या. "मी मुलगी विचारून नेते."