खडू लागलेलं वस्त्र

सर छडीच्या टोकानं माझ्या गळ्यातला दोरा उचलत होते. हातानं नाही. हात त्यांनी पाठीमागं धरला होता.

मी सातवीत होते आणि वर्ग झाडत होते. झाडण्याच्या पाळीचा तक्ता भिंतीवर लावलेला होता, त्यात सगळ्या मुलींची नावं होती. पाळी मात्र रोज माझीच यायची. वाकले तेव्हा गणवेशाच्या गळ्यातून ते बाहेर आलं आणि लोंबायला लागलं. तपकिरी लोकरीचा एक चौकोन, आगपेटीएवढा. तसाच दुसरा पाठीवर. दोन्ही एका दोऱ्यानं जोडलेले.

"हे काय गं?"

मी केरसुणी खाली ठेवली.

"बकरीच्या गळ्यात बांधतात तसं काय बांधलंय?"

वर्ग हसला. पहिल्या बाकावरचा माधव सगळ्यात मोठ्यानं हसला. त्याच्या गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेला ताईत होता. त्याच्या शेजारच्या मुलाच्या गळ्यात दर्ग्यावरून आणलेला गंडा होता. मागच्या बाकावर तुळशीची माळ होती. मुलींच्या दंडाला काळे दोरे होते. सरांच्या मनगटावरही धागा होता. हे सगळं मी त्या क्षणी पाहिलं. आजही डोळे मिटले की एकेक गळा दिसतो.

"मायनं दिलंय," मी म्हणाले.

"मायनं दिलं का फादरनं? गव्हाच्या पोत्यासंगं?"

पुन्हा हसणं. मग सरांनी फळ्याकडं पाहिलं. फळ्यावर आदल्या तासाची अपूर्णांकांची गणितं होती.

"फळा पूस."

मी डस्टर शोधायला लागले.

"ते नाही. हे." छडी माझ्या छातीकडं आली.

मी ते गळ्यातून काढलं. कुणी ओढलं नाही, कुणी तोडलं नाही. मीच काढलं. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. मीच काढलं आणि मीच त्यानं फळा पुसला. लोकरीनं खडू पुसला जात नाही, नुसता पसरतो. सर म्हणाले, "नीट पूस, कोपऱ्यातलं राहिलंय." मी कोपऱ्यातलंही पुसलं.

पुसून झाल्यावर ते हातात धरून जागेवर जाऊन बसले. माझी जागा दाराजवळ, खाली, बाकाच्या पुढं.

* * *

ते काय होतं हे सांगते.

आम्ही मांगवाड्यातले. हिंगोलीकडच्या बाळापूरच्या जवळचं गाव. माझा बाप दोर वळायचा. कासरे, दावी, वेसणी. गावातला एकही बैल असा नव्हता की ज्याच्या नाकातली वेसण आमच्या घरची नव्हती. सरांच्या विहिरीवरचा पोहऱ्याचा दोरही बापाचाच. त्या दोराला लागून आलेलं पाणी त्यांच्या घरात चालायचं. आम्हाला मात्र पाणी वरून ओंजळीत ओतायचे.

मी लहान असताना आमच्या दोन-तीन घरांनी बाप्तिस्मा घेतला. आम्ही कॅथलिक झालो. महिन्यातून एकदा फादर मोटारसायकलवर यायचे, पत्र्याच्या खोलीत मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक प्रार्थना, व्हायची. गावातले म्हणायचे, गव्हासाठी धर्म बदलला. आमच्या घरात गव्हाचं पोतं कधी आलं नाही. आली ती एक जपमाळ आणि मायला पाठ झालेल्या प्रार्थना. हळद काढायला वाकलेली माय त्या प्रार्थना पुटपुटत असायची. तिची बोटं बाराही महिने पिवळी.

मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला वस्त्राबद्दल सांगितलं. तपकिरी लोकरीचे दोन तुकडे, एक छातीवर, एक पाठीवर. हे घालून जो मरेल त्याला मरियामाता एकटं सोडत नाही. सिस्टर म्हणाल्या, पुढच्या वेळी शहरातून आणते. मायला दम निघाला नाही. ती धनगराच्या बाईकडं गेली, दोन दिवस तिच्या शेतात खुरपलं आणि जुन्या घोंगड्याचा तुकडा मागून आणला. त्याचे चार चौकोन कापले. दोन तिचे, दोन माझे. त्यावर पिवळ्या दोऱ्यानं क्रूस काढला. बापानं सुताचा बारीक दोर वळून दिला. बैलाच्या वेसणीला जो पीळ देतो तोच पीळ. फादरनी त्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

बाप एवढंच म्हणाला, "आतून घाल. दिसू देऊ नको."

* * *

त्या दिवशी घरी गेल्यावर मायनं विचारलं, "हे पांढरं काहून झालं?"

"खडू सांडला."

तिनं ते साबणानं धुतलं. पुन्हा धुतलं. घोंगड्याच्या लोकरीत खडू गेला की निघत नाही. पिवळा क्रूस राखाडी झाला. तिनं ते वाळवून पुन्हा माझ्या गळ्यात घातलं आणि म्हणाली, "जपत जा पोरी."

दुसऱ्या दिवसापासून मी ते शाळेच्या वाटेवरच्या बाभळीखाली काढायची आणि कंपासपेटीत ठेवायची. येताना त्याच बाभळीखाली घालायची. दोन वर्षं. पाऊस असो, ऊन असो. कर्कटक, कोनमापक आणि ते. माझ्याकडं कर्कटक मागायला कुणी आलं की मी पेटी उघडायच्या आधी पाठ फिरवायची.

सरांनी मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती. त्यांचं काम मी रोज बाभळीखाली करत होते. अपमान सरांनी एकदा केला, दहा मिनिटं. पुढची दोन वर्षं तो मी चालवला.

* * *

मी नववीत गेले तेव्हा हिंगोलीच्या मुलींच्या वसतिगृहाचा फॉर्म निघाला. मागासवर्गीयांसाठी. पुढचं शिक्षण तिथं राहून झालं असतं. आमच्या गावातून त्याआधी एकही मुलगी तिथं गेली नव्हती. फॉर्म भरायचं काम सरांकडं होतं.

शाळेच्या दप्तरात आम्ही 'हिंदू मांग' होतो. बाप्तिस्मा झाल्यावर ते बदललं नव्हतं. ख्रिस्ती लिहिलं की सवलत जाते, हे बापाला कुणीतरी सांगितलं होतं. मायला त्यात खोटं काही वाटायचं नाही. ती म्हणायची, "देव बदलला माय, पन पानी कुठं बदललं? अजून वरूनच वततात न्हाई का? मग जात कुठं गेली?" या प्रश्नाला अजून मला कोणत्याच पुस्तकात उत्तर सापडलेलं नाही. मी बरीच पुस्तकं वाचली आहेत.

सरांनी मायला शाळेत बोलावलं. ती शेतातून तशीच आली. ऑफिसच्या दारात उभी राहिली, आत कुणी ये म्हणालं नाही. टेबलावर शाईचं पॅड होतं आणि एक कागद. हातानं लिहिलेला.

"फॉर्मसोबत हे लागतं," सर म्हणाले. "आंगठा उठव, बाई. तुझ्या पोरीचंच भलं आहे."

मायनं पॅडवर आंगठा दाबला. पिवळ्या बोटावर निळी शाई. आणि मग थांबली. माझ्याकडं पाहिलं.

"काय लिवलंय? वाच."

"वाचायचं काय त्यात," सर म्हणाले. "फॉर्मचाच भाग आहे. पोरीला सांग जागा दाखवायला."

"वाचू द्या की, सर. घरात तीच तर वाचती."

मी कागद उचलला. मोठ्यानं वाचायला लागले. आम्ही हिंदू मांग आहोत. आमच्या घरात ख्रिस्ती पूजाअर्चा होत नाही. मुलीच्या गळ्यात असलेली वस्तू अज्ञानानं घातली होती. ती काढून फेकून दिली आहे.

शेवटच्या वाक्यावर मायनं माझ्या गळ्याकडं पाहिलं.

गळ्यात काही नव्हतं. गणवेशाच्या गळ्यातून दोरा दिसायला हवा होता, तो नव्हता. कागदावर खोटं लिहिलं होतं, आणि माझ्या गळ्यानं ते खरं करून ठेवलं होतं. मायचा चेहरा मी तेव्हा पाहिला. सरांच्या छडीनं मला जे झालं नव्हतं ते त्या चेहऱ्यानं झालं.

मी दप्तर उघडलं. कंपासपेटी काढली. उघडली. कोनमापक खाली पडला. ते वस्त्र बाहेर काढलं आणि गळ्यात घातलं. आत नाही. गणवेशाच्या वर.

"माय, सातवीत सरांनी माझ्याकडून यानं फळा पुसून घेतला. खडू सांडला नव्हता."

सर उठले. "खोटं बोलून राहिली पोरगी. बाई, हिला आवर. फॉर्मची आजच शेवटची तारीख आहे. विचार कर."

आंगठ्याची शाई मायनं दाराच्या चौकटीला पुसली. सावकाश, घासून. मग म्हणाली, "चल."

फॉर्म गेला नाही.

वाटेत बाभळीपाशी तिनं एकच विचारलं, "दोन वर्स?"

"व्हय."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिनं मला जवळ घेतलं, धीर दिला असं काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे भाकरी बांधून दिली आणि माझा गळा तपासला. मग रोज तपासत राहिली. मी रोज वरून घालून जात राहिले. वर्गात कुणी दोरा ओढायचं, कुणी मागून बकरीसारखं ओरडायचं. सर पाहून न पाहिल्यासारखं करायचे. दहावीपर्यंत मी दाराजवळच बसले. दहावीनंतर वसतिगृह नव्हतं म्हणून तीन वर्षं घरी राहिले, मायसोबत हळदीत. मग बाहेरून परीक्षा दिल्या. आज मी हिंगोलीत एका वाचनालयात पुस्तकं देते-घेते. ती तीन वर्षं मला कुणी परत दिली नाहीत. ती कुणाच्या नावावर मांडायची हे मला माहीत आहे.

* * *

मायला मातीत ठेवून आज एकवीस दिवस झाले. तिच्या गळ्यातलं वस्त्र तिच्यासोबत ठेवलं. अंघोळ घालताना बायका म्हणाल्या, काढायचं का? मी म्हणाले, हात लावू नका. माझंही सोबत ठेवावं असं क्षणभर मनात आलं होतं. ठेवलं नाही. त्याच्यात अजून खडू आहे. तो मातीत जाऊन चालणार नाही.

चौथ्या दिवशी माधवचा फोन आला. तोच, ताईतवाला. आता तो गावात मोठा माणूस आहे.

"ताई, तुमच्या मायचं कळलं. लई वाईट झालं. देवमानूस व्हती."

मी हो म्हणाले.

"एक काम व्हतं. आपले सर रिटायर होऊन राहिले. सत्कार ठिवलाय, पुस्तक काढून राहिलो सरांवर. जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी. तुमी वाचनालयातल्या, तुमी दोन पानं द्या. सर सवता म्हनले, तिला सांगा, ती हुशार व्हती."

"सर म्हणाले?"

"व्हय. आन ताई, जरा गोडगोड लिवा. जुनं काही काढू नका."

म्हणजे माधवला आठवतं. मला वाटलं होतं, हसणारे विसरतात. विसरत नाहीत. त्यांना फक्त आपण विसरावं असं वाटतं.

मी सतरा दिवस घेतले. मला पटापट लिहिता येत नाही. ही ती पानं. गोड नाहीत, आणि दोनाहून जास्त झाली. यातला एक शब्द काढला तर सगळी परत पाठवा, मी दुसरीकडं छापीन. सरांनी नाकारलं तर त्यांना कार्यक्रमात माझ्यासमोर नाकारू द्या. मला अक्षरं त्याच शाळेनं शिकवली, आणि मोठ्यानं वाचायला मी त्याच ऑफिसच्या दारात शिकले.

सत्काराला मी येणार आहे. दाराजवळ बसणार नाही. पहिल्या रांगेत बसेन. वस्त्र गळ्यात असेल, पदराच्या वर, खडूसकट. सरांच्या हातात आता छडी नसते. ते काढायचं असेल तर त्यांना हात लावावा लागेल.

मी काढणार नाही.