नानांचा ओटा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या कोर्टात अशिलाची वाट बघत होते. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमचे नाना गेले..." त्यांच्या मनात काही नव्हतं, पण 'तुमचे' हा शब्द मला लागला. नाना माझे आतेभाऊ, वहिनी त्यांच्या पत्नी. गेले काही महिने मी जळगावला जायचंच टाळत होते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला निघतात, नाना संगणकाच्या नादी लागले. जळगावातल्या मेहरूणच्या घरात, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात त्यांनी एक छोटं यंत्र बसवलं आणि त्यावर आपल्या माणसांसाठी गप्पांची जागा उघडली. तिचं नाव ओटा. तिथे ना कंपनी, ना जाहिरात. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी भडगावला आणि जामनेरला तसेच ओटे उघडले आणि तिन्ही एकमेकांना जोडले. भडगावात कुणी लिहिलं की ते मेहरूणलाही दिसायचं. केळीवरचा रोग, सोयरिकी, अहिराणीतल्या कोपरखळ्या, सगळं तिथे चालायचं. तिन्ही ओट्यांवर आत घेण्याची रीत मात्र खास नानांची. ते स्वतः फोन करून विचारायचे, "तू कोना पोर शेस रे?" गाव, मामा, आजोळ जुळेपर्यंत समोरच्याची सुटका नसे. एकदा जुळलं की मग खुशाल टोपणनावाने लिहा, खरं नाव नानांच्या पोटात राहायचं. मी थट्टेने म्हणायचे, "नाना, सोयरीक जुळवताय की काय?" ते हसायचे.

मग भडगावच्या ओट्यावर कुणीतरी गिरणा नदीतल्या वाळूउपशाबद्दल लिहिलं. फोटोही टाकले. नानांच्या ओट्यावरही ते दिसत होतं, म्हणून एका सरकारी कार्यालयातून त्यांनाच फोन आला... हे लिहिणारा कोण? नानांनी मला बोलावलं. इंटरनेटवरच्या मजकुराबद्दलचे सरकारचे नवे नियम मी वाचून गेले होते.

"नाना, कायद्याच्या लेखी तुम्ही आणि त्या बड्या परदेशी कंपन्या एकाच माळेचे मणी. तक्रार अधिकारी नेमा, सांगतील तो मजकूर सांगतील त्या वेळात काढा, लिहिणारा कोण ते सांगा."

"तक्रार अधिकारी? तुनी वहिनी शे ना. जलमभर मनी तक्रारच ऐकी राहिनी ती."

"चेष्टा नाही ही. तुमच्यावर केस होईल."

ते म्हणाले, "त्यानी या नानावर भरोसा ठेवा शे. नाव मी सांगाव नही."

"मग बंद करा."

"सुनंदा, तू म्हनस तं मी बंद करस."

एवढंच. वाद नाही, चिडणं नाही. त्यांनी माझ्यादेखत इंटरनेटची वायर काढली. मी निश्चिंत होऊन दुपारच्या गाडीने धुळ्याला परतले. हे त्यांच्या भल्यासाठीच केलं असं मी स्वतःला सांगत राहिले... पण मला त्यांच्यासाठी लढायचं नव्हतं, हेही तितकंच खरं. ते नियम या एवढ्याशा ओट्यांना लागू होतात का, हे मी कोर्टात विचारू शकले असते. ते माझं कामच होतं. पुढे त्या कार्यालयातून फोन आलाच नाही. भडगावच्या आणि जामनेरच्या पोरांनी मात्र आपापले ओटे बंद केले. नानांनी बंद केला म्हणजे काहीतरी असणार, असं ती पोरं म्हणाली. सरकारला तिन्ही ओट्यांना हातही लावावा लागला नाही. माझ्या एका वाक्यात ते काम झालं.

त्यानंतर नाना फोनवर तब्येतीचं बोलायचे, हवेचं बोलायचे. ओट्याचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर आज इतकं जड गेलं नसतं.

तेराव्याला मी मेहरूणला गेले. पंगत उठल्यावर वहिनी मला कोनाड्यापाशी घेऊन गेल्या. यंत्रावर त्यांनी विणलेला रुमाल होता. खाली हिरवा दिवा लुकलुकत होता. नानांनी बाहेरची वायर तेवढी काढली होती, यंत्र बंद केलंच नव्हतं. रोज सकाळी चहाआधी ते त्याच्यावर तळहात ठेवायचे, तापकरी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, असं वहिनी म्हणाल्या. मीही हात ठेवला. ते कोमट होतं.

"उगा चालू शे हाई," वहिनी म्हणाल्या. "नाना म्हणायचे, सुनंदाले इचारीसन बंद करू. ताई, तुम्हीच सांगा, बंद करू का?"